शालेय दिवस क्रमांक ८८ ते १०४

१२ ऑगस्ट

प्रिय धाकटी,

तुझे पत्र मिळून नऊ दिवस झाले. उत्तरास विलंब झाला तो प्रकृतीमुळे नव्हे, कामामुळे. तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो. जेवण वेळेवर होते. झोप पुरेशी मिळते. स्वयंपाकाच्या बाईंनी मीठ कमी केले आहे. मी तसे सांगितले नव्हते, परंतु तक्रारही केलेली नाही. तुझ्या ताईच्या कपाटाची किल्ली जागेवर आहे. कपाट उघडण्याचे कारण पडलेले नाही.

आता कामाविषयी. शिक्षक शालेय वर्षात प्रत्यक्षात किती रजा घेतात, याचा अभ्यास करण्यासाठी आमच्या शिक्षण कार्यालयाने एकसदस्यीय समिती नेमली आहे. तो सदस्य मी आहे. वर्गावर शिक्षक नसतात, अशा पालकांच्या तक्रारी वर्षभर येत आहेत. दुसरीकडे शाळांचे हजेरीपट पाहावेत तर गेल्या वर्षी शंभरांपैकी सत्त्याण्णव शिक्षक दररोज हजर होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अहवाल ऑक्टोबरअखेर द्यावयाचा आहे. ज्या शिक्षकाने गैरहजर असताना हजेरीपटावर सही केली असेल, त्याला आणि ती करू देणाऱ्या मुख्याध्यापकाला सेवेतून कमी करावे, असे ठरले आहे. ठरावाचा मसुदा माझाच आहे.

माझी निवड का झाली, हे वरिष्ठांनी सभेत सांगितले. एकतीस वर्षांत मी एकही दिवस रजा घेतलेली नाही. गेल्या नोव्हेंबरात तुझी ताई शुक्रवारी गेली आणि सोमवारी मी कामावर हजर होतो, हेही त्यांनी सांगितले. काहींनी टाळ्या वाजवल्या. त्या नेमक्या कशासाठी होत्या हे माझ्या लक्षात आले नाही, परंतु मी उठून नमस्कार केला.

तू अठरा वर्षे शिकवीत आहेस. शिक्षकांच्या रजांचे खरे स्वरूप काय असते, हे मला कळव. नातेवाईक म्हणून विचारतो आहे. तुझे पत्र नस्तीत लावले जाणार नाही.

भाऊजी

२० ऑगस्ट

भाऊजींना नमस्कार,

तुमचं पत्र उघडलं तेव्हा आधी खाली शिक्का आणि जावक क्रमांक आहे का ते पाहिलं. नव्हता, म्हणून निवांत बसून वाचलं. आमचे हे म्हणाले, भाऊजींनी सांत्वनाचं पत्र लिहिलं तरी त्याला तीन प्रती लागतील. रागावू नका. तुमच्यावर प्रेम आहे म्हणून बोलतात.

मीठ कमी झालंय तर बाईंना सांगा. माणसाने अळणी जेवावं आणि वर तक्रार केली नाही म्हणून सांगावं, याला काय अर्थ आहे?

रजांचं विचारलंत. प्रत्येक रजेला तीन कारणं असतात. एक खरं, एक अर्जातलं आणि एक शिक्षकखोलीत सांगायचं. माझ्या माहितीतल्या एका भूगोलाच्या बाईंची आजी चार वर्षांत तीनदा वारली. तिसऱ्या वेळी त्यांच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, आता उरलेल्या आजीला जपा." पुढच्या वर्षी बाईंनी मावशी काढली.

आणि एक सांगते. हे आमच्या शाळेतलं नाही, हं. एका शाळेतलं. तिथे प्रत्येक शिक्षकाचा एक सही केलेला रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या खणात पडून असतो. त्यावर तारीख नसते. कुणाला अडचण आली की तो येत नाही. त्या दिवशी तपासणी आली तर अर्जावर तारीख घालायची आणि पुढे करायचा. तपासणी आली नाही तर अर्ज परत खणात, आणि दुसऱ्या दिवशी येऊन दोन सह्या करायच्या. कुणाचं काही अडत नाही. एकदा मात्र तपासणीला साहेब आले आणि शिपायाने घाईत भलताच अर्ज काढून दिला. साहेबांनी वाचलं की गणिताचे सर तीव्र पोटदुखीने अंथरुणाला खिळलेत. तो अर्ज साहेबांच्या हातात आणि चहाचा कप घेऊन समोर गणिताचे सर उभे. सर शहाणे. तिथेच पोट धरून खाली बसले.

हसून झालं असेल, किंवा तुम्ही टिपून घेतलं असेल, तर दुसरी बाजूही ऐका. गेल्या वर्षी तुमच्याच कार्यालयाने मला एकोणीस दिवस वर्गातून उचलून प्रशिक्षणाला बसवलं. ती रजा नाही, कर्तव्य. शेवटच्या प्रशिक्षणाचा विषय होता 'शिक्षकांची वर्गातील उपस्थिती'. तेही लिहा अहवालात.

रजेवर गेलेल्या शिक्षकाचा वर्ग कोण घेतं, हे मात्र कुणी विचारत नाही. कुणीतरी घेतंच. आपला मोकळा तास घालवून घेतं.

आणि तुम्ही इकडे कधी येणार? ताई असताना दोघं दर वर्षी यायचात.

धाकटी

१५ सप्टेंबर

प्रिय धाकटी,

तुझे पत्र उपयुक्त ठरले. खणातील अर्जांची पद्धत मी 'विश्वसनीय सूत्र' असा उल्लेख करून नोंदवली आहे. प्रशिक्षणाच्या एकोणीस दिवसांचीही नोंद केली आहे. वरिष्ठांनी ती नोंद वाचून बाजूला ठेवली. पोटदुखीच्या प्रसंगात हसण्याजोगे काय आहे ते मी शोधले आणि मला ते दुसऱ्या वाचनात सापडले.

हजेरीपटावरून काहीही सिद्ध होणार नाही, हे तुझ्या पत्रामुळे स्पष्ट झाले. म्हणून मी दुसरा मार्ग निवडला. शिक्षक खोटी सही करू शकतो, परंतु विद्यार्थी न शिकवलेला धडा वहीत लिहू शकत नाही. चिठ्ठ्या टाकून चाळीस शाळा निवडल्या आणि प्रत्येक शाळेतून एका वर्गाच्या गेल्या वर्षीच्या गणिताच्या वह्या मागवल्या. माझ्याकडून पक्षपात होऊ नये म्हणून शाळांची नावे मला कळू दिलेली नाहीत. लिपिकाने त्यांना क्रमांक दिले आहेत. तुझी शाळा त्यात आहे किंवा नाही, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असता कामा नये. तारखेवरून स्थानिक सुट्ट्या ओळखू येतात आणि सुट्ट्यांवरून शाळा, म्हणून वहीतील प्रत्येक तारखेवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर शालेय दिवसाचा क्रमांक लिहिण्याचा आदेश मी दिला. वर्षाचा पहिला दिवस तो क्रमांक एक, आणि त्याप्रमाणे पुढे. लिपिकाला गोंदाच्या सात बाटल्या लागल्या. तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो.

या श्रमांचे फळ मिळाले आहे. शाळा क्रमांक १४, इयत्ता चौथी. अडतीस विद्यार्थ्यांपैकी एकतीस जणांच्या वह्या मिळाल्या. शालेय दिवस ८७ पर्यंत सर्व यथास्थित आहे. अक्षर वळणदार, समास आखलेले, बाईंच्या लाल शाईतील खुणा नेमक्या. दिवस ८८ पासून लाल शाई नाहीशी होते. दिवस १०५ ला ती परत येते. मधल्या सतरा दिवसांत गणित जवळजवळ नाही. मासे आहेत. एकतीस वह्यांत मिळून मी चारशे बारा मासे मोजले. काढणाऱ्याचा हात चांगला आहे, हे मान्य करावे लागेल. दिवस ९१ ला भागाकार सुरू झालेला दिसतो, तोही माशांचाच. तेरा मासे चार मांजरांत वाटले, आणि जो उरला त्याचा फक्त काटा काढला आहे. परिणामी वर्गातील सर्व मुले बाकीच्या जागी अंक न लिहिता माशाचा काटा काढतात. वार्षिक परीक्षेतही त्यांनी तेच केले. एका वहीच्या कडेला लिहिले आहे, "आज पण बाई आल्या नाहीत."

याच सतरा दिवसांत हजेरीपट सांगतो की त्या शिक्षिका दररोज हजर होत्या. इतका स्वच्छ पुरावा मला चाळीस शाळांत दुसरा मिळालेला नाही. अहवाल याच प्रकरणावर उभा राहील. अडतीस मुलांचे सतरा दिवस म्हणजे सहाशे सेहेचाळीस दिवस एका व्यक्तीने चोरले आहेत, असे वाक्य मी लिहिले आहे. मला ते बरे वाटते.

अठरा वर्षांच्या अनुभवावरून सांग, असा शिक्षक सतरा दिवस कोठे गेला असेल? प्रवास, की घरचे कार्य?

भाऊजी

२२ सप्टेंबर

भाऊजींना नमस्कार,

पत्र पोचलं. सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत म्हणून थोडक्यात लिहिते.

त्या बाईंना कामावरून काढतील, हे नक्की का? आणि त्यांच्या मुख्याध्यापिकेलाही? मासे काढणाऱ्याचं काय होईल? त्याने बिचाऱ्याने तर स्वतःचे तास सोडून वर्ग सांभाळला. जमेल तसा भागाकारही शिकवायला गेला. चित्रकलेच्या माणसाने तुमच्या भाषेत कुठला गुन्हा केला?

कुठे गेल्या असतील, ते मी कसं सांगू? कुणाचं आजारपण असेल. सतरा दिवस कुणी मजेत घालवत नाही, भाऊजी. मजा तीन दिवसांत संपते.

वह्या चांगल्या ठेवल्या होत्या असं तुम्हीच लिहिलंत. तेही अहवालात येईल ना?

मीठ सांगितलंत का?

धाकटी

२९ सप्टेंबर

प्रिय धाकटी,

मिठाचे सांगितले. आता जास्त पडते.

तुझ्या प्रश्नांत मला तुझ्या व्यवसायबंधूंविषयीची कणव दिसली. ती स्वाभाविक आहे, परंतु तिला आधार नाही. दोघींनाही कमी केले जाईल. चित्रकलेच्या शिक्षकांची वेतनवाढ रोखली जाईल. वह्या चांगल्या ठेवल्याचा उल्लेख करीन, कारण तो खरा आहे. मात्र त्यामुळे दोष कमी न होता वाढतो. ज्या बाईंना इतके नीटनेटके काम करता येते, त्यांना ते सतरा दिवस न करण्याचा अधिक जाब द्यावा लागेल.

आजारपण असेल, असे तू म्हणतेस. आजारपणासाठी नियमात रजा आहे. अर्ज करावा, रजा घ्यावी, परत यावे. यात कोठेही खोट्या सहीची आवश्यकता पडत नाही. मी स्वतःबद्दल सहसा लिहीत नाही, परंतु उदाहरण म्हणून लिहितो. गेल्या नोव्हेंबरात माझ्याही घरी आजारपण होते, आणि त्याहून मोठे आजारपण असू शकत नाही. मी एक दिवस चुकवला नाही आणि एक खोटी सही केली नाही. मनुष्याने ठरवले तर दोन्ही साधते.

हे शक्य झाले ते तू येऊन राहिलीस म्हणून, याचा मला विसर पडलेला नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते. या पत्राने मानतो.

त्यावरून स्मरले. अहवालास एक तक्ता जोडावयाचा आहे, त्यात शिक्षकांनी नियमानुसार घेतलेल्या दीर्घ रजांची काही उदाहरणे हवी आहेत. तुझे उदाहरण आदर्श ठरेल. तू त्या वेळी जी रजा घेतलीस, ती कोणत्या सदराखाली होती? अर्जित, वैद्यकीय की बिनपगारी? आणि एकूण किती दिवस? तुझे नाव येणार नाही.

भाऊजी

६ ऑक्टोबर

भाऊजी,

दोनदा पत्र लिहून फाडलं. हे तिसरं.

कोणत्याच सदराखाली नव्हती. दिवस सतरा.

तुम्ही तारखांवर पट्ट्या चिकटवल्यात म्हणून तुम्हाला दिसलं नाही. आमच्या शाळेचा पहिला दिवस धरून मी काल रात्रीच्या जेवणाआधी बोटांवर मोजलं. ८८ म्हणजे पाच नोव्हेंबर. त्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन तुमच्या दारात उभी होते आणि दार तुम्हीच उघडलंत. १०३ हा शुक्रवार होता. तो कुठला शुक्रवार, हे मी तुम्हाला सांगायला नको. शाळा क्रमांक १४ आमची आहे आणि ती लाल शाई माझी आहे.

माझ्या सगळ्या रजा ताईच्या पहिल्या दवाखान्याच्या वेळी संपल्या होत्या. मी बिनपगारी मागितली होती. अर्ज तुमच्या कार्यालयात गेला आणि आठ दिवसांत परत आला. त्यावर लिहिलं होतं, "आजारी व्यक्ती अर्जदाराच्या कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही." कुटुंब म्हणजे नवरा, मुलं, आईवडील. बहीण नाही. खाली सही तुमची नव्हती, घाबरू नका. मी आधी तेच बघितलं होतं.

तो कागद घेऊन मी मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभी राहिले. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "तुम्ही निघा. वर्गाचं मी बघते." चित्रकलेचे सर दारात होते. ते म्हणाले, गणित मला येत नाही, पण मुलं पळून जाणार नाहीत एवढं बघतो. परत आल्यावर मी सतरा सह्या केल्या. एका दमात केल्या. हेही लिहिते, कारण तुम्हाला खरं आवडतं.

तुम्हाला तेव्हाच सांगणार होते. ताईने सांगू दिलं नाही. म्हणाली, "त्यांना कळलं तर ते लपवू शकणार नाहीत. आणि लिहून दिलं तर पुन्हा जेवणार नाहीत. दोन्हीकडून मरण त्यांचंच."

आणि तुम्ही उदाहरण म्हणून लिहिलंत, म्हणून मीही एकदाच लिहिते. सव्वानऊला तुम्ही डबा घेऊन निघायचात. फाटक वाजलं की ताई विचारायची, "गेले?" मी हो म्हटलं की मग ती कण्हायची. तोवर दात आवळून पडलेली असायची. संध्याकाळी सहाला परत गप्प. मी तुम्हाला टोचायला हे सांगत नाही. तुम्ही कामावर जावं, हे तिलाच हवं होतं. म्हणायची, घरी ठेवलं तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल, कार्यालयात निदान कागदाकडे बघेल. पण मनुष्याने ठरवलं तर दोन्ही साधतं, असं कुणाला सांगू नका. तुमचं साधलं, कारण आम्ही दोघींनी ठरवलं होतं.

दया करा असं म्हणत नाही. नाव लिहायचं तर माझं लिहा. मुख्याध्यापिकाबाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आहे, त्यांना आणि सरांना यातून वगळता आलं तर बघा. मुलांचे दिवस गेले, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मी परत आल्यावर भागाकार शिकवायला हवा होता तसा शिकवला नाही. बाकीची खूण बदलायची राहिली. त्या महिन्यात माझंही लक्ष नव्हतं.

धाकटी

२३ ऑक्टोबर

प्रिय धाकटी,

तुझ्या पत्रातील दुसऱ्या पानाविषयी मला काही लिहिता आलेले नाही. तीन मसुदे केले. एकही पाठवण्यायोग्य नव्हता. उरलेल्या बाबींची उत्तरे देतो.

प्रथम मी दिवस मोजले. तू बोटांवर केलेली मोजणी अचूक आहे.

नंतर मी तुझा नामंजूर झालेला अर्ज काढून पाहिला. तुझे म्हणणे खरे आहे, सही माझी नाही. परंतु कुटुंबाची ती व्याख्या बावीस वर्षांपूर्वी ज्या परिपत्रकात आली, त्याची तपासणी मी केली होती. तेव्हा मी त्यात दोन स्वल्पविराम घातले. बहीण घातली नाही. कोणी मागितली नव्हती. तुझी शाळा अभ्यासात आली तीही याच व्याख्येमुळे. ज्या शाळांत माझ्या कुटुंबातील कोणी काम करीत असेल, त्या वगळण्यास मी लिपिकाला सांगितले होते. त्याने व्याख्या पाहिली आणि एकही शाळा वगळली नाही. त्याची चूक नाही.

मग मी काय करावे, हा प्रश्न होता. शाळा क्रमांक १४ गुपचूप काढून टाकणे मला शक्य नव्हते. ती ठेवणेही शक्य नव्हते. आठ दिवस मी नियम वाचले. समितीच्या नियमांत असे आहे की, अभ्यासलेल्या व्यक्तींपैकी कोणी आपल्या कुटुंबातील असल्याचे सदस्याच्या लक्षात आल्यास त्याने तसे लेखी कळवावे, आणि त्याने कळवताच संपूर्ण अभ्यास रद्द समजावा. मी कळवले.

वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. ते म्हणाले की तुमची पत्नी हयात नाही, आईवडील हयात नाहीत आणि तुम्हाला मूल नाही, तेव्हा व्याख्येप्रमाणे तुम्हाला कुटुंबच नाही. मी म्हणालो, "व्याख्या चुकीची आहे. निवेदन बरोबर आहे." त्यांनी शाळा कोणती ते विचारले. एक शाळा काढून टाकू, एकोणचाळीस पुरेत, असे ते म्हणाले. मी सांगितले की सदस्याने शाळा सांगावी असे नियमात नाही, आणि नियम जे विचारीत नाही त्याचे उत्तर मी देणार नाही. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारले. उच्चारताना ते फारसे कठीण गेले नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

अभ्यास रद्द झाला आहे. चाळीसही शाळांच्या वह्या परत गेल्या. क्रमांकांची यादी लिपिकाने माझ्यासमोर फाडली. तो बऱ्याच दिवसांनी माझ्याशी मोकळेपणाने बोलला. तू, मुख्याध्यापिका आणि चित्रकलेचे शिक्षक, तिघांनाही कोणतीही विचारणा होणार नाही. माझ्या सेवापुस्तकात नाराजीचा शेरा आला आहे. एकतीस वर्षांतील तो पहिला असून त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. नवा अभ्यास दुसरे अधिकारी केवळ हजेरीपटांवरून करणार आहेत. त्यात सर्व शिक्षक हजर आहेत. कुटुंबाच्या व्याख्येत बहिणीचा समावेश व्हावा, असा प्रस्ताव मी स्वतंत्रपणे पाठवला आहे. तो मंजूर होण्यास वेळ लागेल, कारण तो योग्य आहे.

मुलांचे दिवस मात्र कोणत्याही नियमाने रद्द होत नाहीत. ते अद्याप देणे आहेत. ते देणे तुझे नव्हे. त्या सतरा दिवसांत जे काम तू केलेस, ते माझे होते. तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंना मी पत्र लिहून विचारले की ती मुले आता पाचवीत असतील, तर शाळा सुटल्यावर रोज एक तास, सतरा दिवस, मी त्यांना भागाकार शिकवला तर चालेल काय? मला शिकवण्याचा अनुभव नाही, हेही कळवले. त्यांचे उत्तर एका ओळीचे आहे. "या. खडू आहेत."

तेव्हा येत्या सोमवारी सकाळी मी तुझ्याकडे पोहोचतो. सतरा शालेय दिवस राहीन. तुझ्या यजमानांना अडचण होणार असेल तर तसे स्पष्ट कळवावे.

रजेचा अर्ज काल दिला. अर्ज कसा भरतात हे मला ठाऊक नव्हते. लिपिकाने दाखवले. कारणाच्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. मग 'पत्नीचे आजारपण' असे लिहिले. लिपिकाने ते वाचले आणि पुन्हा वाचले. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, बाईंना जाऊन अकरा महिने झाले."

मी म्हणालो, "हो. अर्ज द्यायला उशीर झाला."

भाऊजी